चांगुणाला विचारत कुणी आलं तर

आमच्या बाईंना नावं ठेवायचाच पगार मिळतो, अशी थट्टा आम्ही करायचो आणि त्याही थकल्यासारखं हसायच्या. नवीन पनवेलच्या आमच्या लहानशा ऑफिसात जनुकांची नावं दुरुस्त करण्याचं काम चाले. माणसातल्या एखाद्या जनुकाचं कार्य उमगलं की त्याचं तात्पुरतं नाव जाऊन नवं येई. मग तेच जनुक गाय, घोडा, कुत्रा यांच्यात शोधून तिथेही नाव बदलायचं. घोड्यापर्यंत पोचावं तर माणसातलं पुन्हा बदललेलं असे. बाई चष्मा कपाळावर सारत म्हणत, "या घरातली बारशी काही संपत नाहीत."

नुसत्या साम्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तोंडवळ्यावर जाऊ नकोस, शेजारी बघ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जनुकाच्या दोन्ही अंगांना माणसात आहेत तीच जनुकं गाईतही दिसली, तरच त्या नाव द्यायच्या. एकदा मी घाईत घोड्यातल्या भलत्याच जनुकाला नाव देऊन मोकळा झालो. बाई रागावल्या नाहीत, पण सगळी दुपार ते निस्तरत बसल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या चिडायच्या एकाच गोष्टीवर. नवं नाव लावताना मी जुनं पुसून टाकलं की खुर्ची ओढून शेजारी येऊन बसत. "नाव बदल, पण जुनं खाली राहू दे. जुना रिसर्च पेपर वाचून कुणीतरी त्याच नावाने शोधत येतं. त्याला माघारी पाठवायचं नाही." मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

एका दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि बाई आपणहून बोलल्या. त्या मूळच्या गव्हाणच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. माहेरी त्या चांगुणा. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने मृणाल लिहिलं आणि चांगुणा तिथेच संपली. पुढे विचुंब्याला फ्लॅट झाला. म्हातारपणी वडिलांचं विसरणं वाढलं होतं. एक दिवस घरात न सांगता, पिशवीत सुकट घेऊन, ते एकटेच तिथे आले. जावयाचं नाव आठवेना, मजला आठवेना. गेटवर म्हणाले, "आमची चांगुणा आथंच रव्हते." वॉचमनने शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनीही माना हलवल्या, अशी कुणी नाय. ते परत गेले. बाईंना हे कळलं ते वडिलांच्या दहाव्याला, भावाकडून.

"मी वरच होते रे," बाई म्हणाल्या. "कपडे वाळत घालत होते." वीज आली तशा त्या पुन्हा गाईकडे वळल्या. मी त्यानंतर एकही जुनं नाव पुसलं नाही.

बाई आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या टेबलावर मी बसतो आणि नव्या मुलांना तेच तेच सांगून थकतो. परवा त्यांना भेटायला विचुंब्याला गेलो. गेटवर नवाच वॉचमन होता. मृणालबाई म्हटल्यावर त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. टेकू का म्हणून विचारलं, तर तो अवघडला.

"ये चांगुणा को पूछने वाले के लिए है, साहब," तो म्हणाला. "मॅडम ने बोल के रखा है. कोई बुढ्ढा आदमी ये नाम पूछे, तो बिठाना, पानी देना. जाने मत देना."