सशाचे डोळे

ओवीच्या वाढदिवसाला मी घरीच सशाच्या आकाराचा केक केला. क्रीम पाघळायला लागलं होतं, मैत्रिणी जिन्यात पोचल्या होत्या आणि सशाचे डोळे अजून राहिले होते. विकतचा आणला असता तर सुटले असते. गणपतीचे डोळे आखताना मूर्तिकार श्वास रोखतो, तसा मी रोखला. चॉकलेटचे दोन थेंब टेकवले आणि इतका वेळ नुसता केक असलेला तो ससा माझ्याकडे बघायला लागला. मूर्तीही शेवटी पाण्यातच सोडायची असते. हा तर घटकाभरात कापायचा. तरी आपण जीव ओततोच.

मेणबत्ती विझली. मी सुरी उचलली, तशी ओवी हळूच म्हणाली, "आई, शेपटीकडून काप. आणि आधी त्याचं तोंड भिंतीकडे कर."