साडूभाऊंचं बॉनेट

लाज वाटून घेण्याच्या बाबतीत आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस उभ्या खान्देशात सापडायचा नाही. स्वतःची लाज तर सगळ्यांनाच वाटते. साडूभाऊंना दुसऱ्यांचीही वाटते. धुळ्यात त्यांचं रंगांचं दुकान आहे. नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातले डबे घेऊन समोरून जाताना दिसलं, की त्याला ओशाळवाणं वाटू नये म्हणून हेच काउंटरखाली बसतात. एकदा पारोळ्याला ते भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरले. आहेर देऊन झाल्यावर चूक लक्षात आली. पण लगेच उठलो तर यजमान ओशाळतील म्हणून तिथेच जेवले, आणि ओळखदेख नसताना जेवल्याची शरम वाटून पुढच्या पंगतीला जिलेबी वाढायला उभे राहिले. ज्यांच्याकडे जायचं होतं ते लोक अजून रुसलेले आहेत.

गाडीही त्यांनी अशीच घेतली. जळगावला मित्राबरोबर नुसती बघायला म्हणून गेले होते. फायबरच्या बॉडीची जुनी, छोटी मोटार. दारं दोनच आणि रंग पिकल्या केळ्याचा. विकणाऱ्याच्या आईने शेवयांची खीर पुढे ठेवली. "खीर खाल्ल्यावर नको कसं म्हणणार?" असं त्यांनी घरी येऊन अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला विचारलं. अक्कांनी त्यानंतर कित्येक महिने घरात खीर केली नाही.

पण त्यांच्या मुलीचा त्या गाडीवर भारी जीव. ती त्याच गाडीवर चालवायला शिकली, आणि लग्न ठरलं तेव्हा तिने सांगून टाकलं, "बाबा, सासरी जाईन तर याच गाडीतून. फक्त तिचा रंग तेवढा बदला." साडूभाऊंनी आकाशी रंग ठरवला, काम आपल्याच अंगणात काढलं आणि रविवारी मलाही बोलावलं. साबणाने धुऊन, तेलकटपणा पुसून, काचांवर कागद चिकटवून आम्ही पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायला बसलो. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. "हळू," साडूभाऊ म्हणाले, "खाली फायबर आहे. पत्र्यासारखं याला रिमूव्हर चालत नाही, रंगाबरोबर बॉडीपण मऊ पडते. दुकानात मी प्रत्येकाला बजावतो."

थोड्या वेळाने शेजारचे नाना आले. नानांनी जन्मभर ट्रक चालवले. गाडीचा विषय निघाला की त्यांच्यापुढे गल्लीत कुणी बोलत नाही. कमरेवर हात ठेवून त्यांनी आमचं काम पाहिलं. "इतला येळ काय घसत बसना रे भाऊ? रिमूव्हर लाव, बठ्ठा रंग निंघी जाई. तुना दुकानमा डबा शे ना?"

"हां नाना," म्हणून साडूभाऊ उठले आणि खरोखरच डबा घेऊन आले. मी त्यांना बाजूला ओढलं. "अहो, तुम्हीच आत्ता..."

"म्हातारा माणूस आहे," ते कुजबुजले. "किती हौसेने सांगतोय."

नानांनी ब्रश भरभरून बॉनेटवर फिरवला. रंग सुरकुतला, फुगला, त्याचे पापुद्रे सुटले. "निंघना का नहीं?" नाना खूश. "निघाला ना, नाना," साडूभाऊ पडेल आवाजात म्हणाले. मग नानांनी पत्र्याच्या सवयीने पातं घेऊन जोरात खरवडलं आणि खालचं फायबर ओल्या पुठ्ठ्यासारखं सोलून आलं. आतले धागे दिसायला लागले. नानांचा हात थांबला. "हाई काय व्हयनं?"

"काही नाही नाना, तिथे आधीच कच्चं होतं. बरं झालं, तुमच्यामुळे कळलं."

नेमकी तेव्हाच भाची चहा घेऊन बाहेर आली. तिने बॉनेट पाहिलं, डबा पाहिला. "बाबा! फायबरला रिमूव्हर? अख्ख्या धुळ्याला तुम्हीच सांगता ना, लावू नका म्हणून!"

नानांनी साडूभाऊंकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

साडूभाऊंची मान खाली. नानांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि चहा न घेता घरी गेले.

मग नानांचं दार बंद दिसू लागलं. संध्याकाळी ओट्यावर बसायचे, तेही बंद. साडूभाऊंना दुकानात बसवेना. मला म्हणाले, "मला वाटायचं, गप्प राहिलं की समोरच्याची लाज राखली जाते. मी गप्प राहून त्यांना माझ्या पोरीसमोर उघडं पाडलं." लग्न जवळ येत होतं आणि सोललेलं बॉनेट गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं होतं.

शेवटी ते मला सोबत घेऊन नानांच्या दारात उभे राहिले. "नाना, तुमचं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं, पण पुढचं विसरले असावेत. "माझं जास्त चुकलं. मला ठाऊक होतं. आता बॉनेट भरायचंय, मला एकट्याला जमणार नाही." नाना इकडे तिकडे चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

मऊ पडलेला भाग आम्ही कापून काढला, आतून रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची चादर चिकटवली आणि वाळल्यावर वरून पुट्टी भरली. नाना कोरडाच पेपर घेऊन जोरात घासायला लागले. साडूभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या. "नाही नाना," ते म्हणाले, "पाणी घ्या. आणि हलक्या हाताने." कुणाला तोंडावर 'नाही' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. नानांनी मुकाट्याने बादली जवळ ओढली. प्रायमर बसला, आकाशी रंग चढला. तिरप्या उन्हात त्या जागी एक बारीकशी लाट दिसते, पण आपण कुणी तिरपं बघायचं नाही असं अक्कांनी बजावलं होतं.

पाठवणीच्या वेळी भाची नवऱ्याशेजारी गाडीत बसली. अक्का रडल्या, आत्या-मावश्या रडल्या. गाडी चालवायची होती साडूभाऊंनी, आणि तेच दिसेनात. शोधत मी गाडीच्या मागे गेलो. हवा तपासल्यासारखा टायर दाबत ते उकिडवे बसले होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एवढ्या पाहुण्यांसमोर बापाने कसं रडायचं! पुढे व्हावं की मागे फिरावं, मला कळेना. तेवढ्यात नाना गुडघे धरत आले, त्यांच्या शेजारी खाली बसले आणि त्यांनीही टायरवर हात ठेवला.

"हवा बराबर शे, भाऊ," ते म्हणाले. "तरी बस जरासा."

दोघं तसेच टायर दाबत बसले. मागच्या काचेतून भाचीला त्यांची डोकी दिसत असणार. तिने हाक मारली नाही.