धार बघून घेतलेलं मशीन

आमच्या घराची दर्शनी भिंत मी स्वतः धुऊन पाडली. भूकंप झाला नव्हता, पूर आला नव्हता. भिंत स्वच्छ करावी एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कासार आंबोलीचे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला, त्यामुळे घरात मशीनमधलं कळणारा असा मी एकटाच (कारखान्यात मी हजेरी मांडायचो, पण ते घरी कुणी विचारलं नव्हतं). रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, मंगलला, पाहुणे बघायला येणार होते. मुलगा भूगावचा, शाळामास्तर. तिनं त्याला एका लग्नात लांबून पाहून ठेवलं होतं आणि हे स्थळ तिला मनापासून हवं होतं. आधीची दोन स्थळं फिसकटल्यामुळं आई धास्तावलेली. त्यात पौड रस्त्यावरच्या ट्रकांनी उडवलेल्या चिखलानं आमची भिंत छातीपर्यंत लाल झालेली. आई म्हणाली, चुन्याचा एक हात मारा. मी म्हणालो, चुना कसला मारताय, आता विजेवर पाण्याची जोरदार धार मारून धुवायचं मशीन मिळतं!

शनिवारी मी आणि वडील, म्हणजे आप्पा, पुण्याला दुकानात गेलो. तिथं दोन मशीनं होती, एक छोटं घरगुती आणि एक गॅरेजवाल्यांचं दांडगं. काय धुवायचंय, असं दुकानदारानं विचारलं. मातीचं घर म्हणायची मला लाज वाटली. मी ठोकून दिलं, बंगला.

आप्पांनी जन्मात म्हशी सोडून दुसरी मोठी खरेदी केलेली नव्हती. समोर पिळून दाखवल्याशिवाय म्हशीचा बयाणा द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी दोन्ही मशीनांना फेरी मारली, पाठीवर थाप दिली, खाली वाकून बघितलं (काय बघितलं देव जाणे!) आणि म्हणाले, "आधी धार दाखवा."

दुकानदारानं छोटं मशीन चालू केलं. आप्पांनी तोंड वाकडं केलं. "ही आटत आलीया." मग दांडग्याची पाळी आली. त्यानं बोळातल्या समोरच्या भिंतीवरची दंतमंजनाची जाहिरात अक्षरांसकट उतरवली. आप्पांचा चेहरा असा फुलला की दुकानदाराला भाव उतरवायची गरजच उरली नाही. तो बिचारा सांगत होता, लांबून मारा, हळू मारा. मी कारखान्यात असतो असं सांगून मी त्याला गप्प केलं. मशीन एसटीच्या टपावर चढवून आम्ही घरी आलो.

रविवारी सकाळी आळीतली सगळी मंडळी बघायला जमली. हौदात पाईप सोडला, मी मशीनची पाणी मारायची बंदूक धरली, आप्पांनी बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात चिखल गेला. लोक वा वा म्हणाले. त्यापाठोपाठ चुना गेला. मग पिवळं पाणी यायला लागलं, मला वाटलं जुना मळ निघतोय. मग त्यात भुसा दिसायला लागला. माझ्या भिंतीत भुसा कुठून आला याचा विचार करेपर्यंत गिलावा जाऊन कच्च्या विटा विरघळायला लागल्या होत्या! घाबरून मी बंद करा, बंद करा म्हणून ओरडलो, पण मशीनच्या आवाजात आप्पांना ऐकू येईना. ते उलट मान डोलावत होते, धार चांगली हाय म्हणून.

भिंतीला परातीएवढं भोक पडलं. पलीकडं चूल होती. धार थेट चुलीवर. चूल विझली, पोह्यांची कढई उलटली, राखेचा लोट उठला आणि आईनं मला माझ्या पाळण्यातल्या नावानिशी शिव्या घातल्या. कुणीतरी वायर उपसली तेव्हा कुठं मशीन थांबलं. त्या शांततेत भोकातून मंगलचं तोंड बाहेर आलं. निम्मं चिखलाचं, निम्मं राखेचं. डोळे भरलेले.

"दादा, आता मला बी धू."

मी मागं वळलो. तिथं पाहुणे उभे होते. मुलगा, त्याचे वडील, मामा. लवकर आले होते. स्थळ गेलं, असं मला वाटलं, आणि ते माझ्या हातानं गेलं. मंगलनं त्यांना बघितलं, पदरानं तोंड पुसलं (त्यानं ते आणखीच रंगलं) आणि शांतपणे म्हणाली, "या की. दारातनं या, न्हाईतर हितनंच या, जवळ पडंल."

मास्तर इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. मग त्याचे वडील हसले, मामा हसले, आणि भिजलेली आईसुद्धा.

चहा शेजारणीनं करून आणला. मुलगी पसंत असल्याचं पाहुण्यांनी तिथंच सांगितलं. आप्पांनी हात जोडून विचारलं, तुमची काही मागणी?

मुलाच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं बघितलं.

"मागणी काय न्हाई. फकस्त घर बघाया याल, तवा ह्या पोराला रिकाम्या हातानं आणा. आमचं बी घर मातीचंच हाय."

लग्न झालं, मंगलचा संसार झाला, मास्तरांनी पुढं सिमेंटचं घर बांधलं. पण मी त्यांच्या दारात दिसलो की अजून घरातलं कुणीतरी पळत येतं, पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातात ठेवतं आणि माझे पाय मला धुऊ देत नाही.