वालीवहून आणलेलं निओडिमियम

साताऱ्याहून वसईची एसटी सुटली तेव्हा मी मनातल्या मनात उड्याच मारत होते. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या ओळी आल्या की "ते परीक्षेला नाही" म्हणून पुढे सटकायचे. यंदाची दहावी मात्र हटूनच बसली. शनिवारी माझा शेवटचा तास, मग निवृत्ती. "त्यातलं एक तरी मूलद्रव्य तुमच्या हातात देईन," असं मी बोलून बसले होते!

वैशाली ही माझी जुनी विद्यार्थिनी. लग्नानंतर वसईजवळ निर्मळला राहते, तिथल्याच वालीवला चुंबकाच्या कारखान्यात काम करते; आणि ही चुंबकं त्या ओळींतल्याच निओडिमियमची. फोन केला तर म्हणाली, "बाई, या ना! साहेबांना विचारून ठेवते."

निर्मळला तिच्या सासूबाईंनी सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) पुढे केली. लाजेकाजेस्तव एक घेतलं, मग चार खाल्ली. लगेच वैशालीच्या स्कूटरवर वालीवकडे निघालो आणि मागे बसून माझा तास सुरू झाला.

"लँथनमपासून पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम, झाली सतरा! पंधरांची खरी जागा बेरियमनंतर, पण तक्ता फार रुंद होतो म्हणून खाली उतरवली. म्हणतात 'दुर्मिळ मृदा', पण नावालाच दुर्मिळ! सिरियम तर जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं आहे. पण सगळी एकमेकांत अशी मिसळलेली, की वेगळी करताना घाम फुटतो!"

"बाई, घट्ट धरा. पुढे खड्डा आहे."

कारखान्यात तिनं माझ्या हातावर एक चकचकीत चकती ठेवली. मी किल्ल्यांचा जुडगा टेकवला. ढिम्म!

"वैशाली! मला फसवतेस?" माझा वर्गातला आवाज निघाला. आजूबाजूच्या बायका फिसकन हसल्या.

"अहो बाई, अजून चुंबक केलंच नाही त्याला. कापायचं, घासायचं, मुलामा द्यायचा, मग सगळ्यात शेवटी चुंबक करायचं. आधीच केलं तर चकत्या एकमेकींवर आपटून फुटतील ना."

मी ओशाळले. तिनं चकती तारेच्या वेटोळ्यात ठेवून बटण दाबलं. ठप्प! बाहेर काढलेल्या चकतीनं किल्ल्या हातातून खेचून घेतल्या आणि मी चक्क किंचाळले, "निओडिमियम!"

"लोखंड आणि बोरॉनपण आहे त्यात, बाई."

घ्या! चूक काढली पोरीनं. इतका आनंद झाला मला!

परतीच्या एसटीत चकती रुमालासकट सीटच्या दांडीला चिकटली. कंडक्टरनं ओढून काढली. "काय आणलंय मावशी?" मी त्यालाही सगळं सांगितलं, बिचारा तिकिटं फाडायचं विसरला.

शनिवारी चकती बाकाबाकावरून फिरली. "बाई, हिला चुंबक कसं करतात?" एकीनं विचारलं. मी सरळ वैशालीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बाई, मी शिकवू? मी तर विज्ञानात काठावर पास झालेली."

"बोल गं."

ती चाचरत सुरू झाली, मग थांबेचना. तीस वर्षं मी ही गंमत पोरांपासून लांब ठेवली, याचं फार वाईट वाटलं. खडू खाली ठेवला आणि मुलींच्या बाकावर सरकून बसले.

"आणि मुलांनो," वैशाली म्हणाली, "माझा आवाज आत्ता फोनच्या ज्या स्पीकरमधून येतोय ना, त्यातपण असलंच चुंबक असतं."

पस्तीस डोकी फोनवर वाकली, आणि त्यात एक पांढरं माझं.