आमच्या व्याह्यांची बिनमाणसाची उड्डाणं

कुठलीही गोष्ट आधी माणसाशिवाय करून बघावी आणि मगच माणसानं तिथं पाय ठेवावा, असं मानणारा या पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. आखातात, जबल अलीच्या गोदामात तीस वर्षं नोकरी, डोकं मात्र कायम चंद्रावर. माणूस पाठवायच्या आधी किती यानं रिकामी उडवली, किती आपटली, सगळं तोंडपाठ. नातवाचा वाढदिवस मात्र सुनेला विचारायचा. "विहीणबाई, माणसाआधी चंद्राला वळसा कुणी घातला? रशियाच्या यानातल्या कासवांनी!" हे मी निदान शंभरदा ऐकलंय. लेक-जावई नि हे राहतात त्या इमारतीत नवी लिफ्ट बसली, तर व्याह्यांनी पहिल्याच दिवशी तिच्यात तांदळाचं पोतं ठेवलं, अकराचं बटण दाबलं आणि स्वतः बाहेर. अकराव्यावरच्या कुणीतरी देवानं धाडलं म्हणून ठेवून घेतलं. लेक माझी संतापली, आणि हे खूश! "पोचलं ना? म्हणजे लिफ्ट चालते."

नोकरी संपली, मिरजेला परत जायचं ठरलं. तिथं माझी विहीण एकटी घर सांभाळून. संसार तीस वर्षांचा, पण वर्षाकाठी एका महिन्याचा. तर तिकीट काढायचं सोडून यांची चाचणी उड्डाणं सुरू! आधी कार्गोनं रिकामी ट्रंक गेली. मग शर्ट. मग आरामखुर्ची. "आता खलास, पुढच्या महिन्यात मी," म्हणता म्हणता वर्ष गेलं. नातूसुद्धा कंटाळून म्हणाला, "आजोबा, जस्ट गो ना!"

एकदा मी लेकीकडे असताना व्याह्यांना विहिणीचा फोन आला, स्पीकरवर. "अहो, तुमचे शर्ट कुबटले होते, धुऊन वाळत घातले. शेजारीण विचारते, आले वाटतं? काय सांगू तिला?"

फोन संपल्यावर मी झाडलंच त्यांना. "व्याहीबुवा, यल्ला, निघा आता! मिरजेत काय हवा नाही?"

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, फोनची काच शर्टानं पुसत बसला. मग म्हणाले, "सामान चालतं हो तिला. मी महिन्याच्या वर कधी राहिलोच नाही. मी चालेन का?"

मला थट्टा सुचेना. म्हटलं, "ते रिकामं पाठवून नाही कळायचं."

गेल्या महिन्यात गेले एकदाचे. दुसऱ्या दिवशी विहिणीचा फोन. "आलेत. दारात उभे राहून विचारतायत, आत येऊ का."

"मग?"

"मग काय! म्हटलं, चपला काढा."

फोन बंद करायला ती विसरली. पलीकडे चपला ठेवल्याचं, मग गॅस पेटवल्याचं ऐकू आलं. मग तिचाच आवाज आला, नव्या सुनेसारखा बारीक, "चहात साखर हल्ली किती घेता?"

मी आपला हळूच फोन ठेवून दिला.