सूचक म्हणून माझं नाव

"तू वाच. तुला ह्यातलं जास्त कळतं."

उपसरपंच आण्णांनी कागद माझ्यापुढं धरला आणि मागं बसलेले बापे खिदळले. ग्रामसभा चालू होती. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, टेबलावर माईक, माईकची वायर थेट ग्रामपंचायतीवरच्या भोंग्याला. न आलेल्यालाही घरबसल्या ऐकू जावं म्हणून. मी उभी राहिले. कागद घेतला आणि वाचला.

गावचे ठराव मीच वाचते. आवाज खणखणीत, अडखळत नाही. हिवरे बाजारला सहल जाऊन आल्यापासून आमच्या गावाला ठरावांचं वेडच लागलंय. पाण्याचा ठराव, झाडांचा ठराव, उकिरड्यांचा ठराव. सगळे माझ्या तोंडून. मला लई भारी वाटायचं. बौद्धवस्तीतली बाई माईकवर बोलते आणि आख्खं गाव गप बसून ऐकतं, साधी गोष्ट नव्हती ती.

त्या दिवशीचा ठराव वेगळा होता. सुप्रीम कोर्टात तेव्हा केस चालली होती. बाईनं बाईशी, बाप्यानं बाप्याशी लग्न केलं तर कायद्यानं ते मानायचं का? टीव्हीवर रोज तीच भांडणं. आण्णांनी ठरवलं, आपल्या गावानंही सरकारला कळवायचं. कागदावर लिहिलं होतं, "समलिंगी संबंध ही विकृती असून अशा विवाहास मान्यता दिल्यास आपली कुटुंबव्यवस्था मोडून पडेल. गावात अशा प्रकारांना थारा देऊ नये." विकृती शब्दावर मी जरासुद्धा अडखळले नाही. त्याचीच आजही चीड येते. एका दमात वाचलं. टाळ्या पडल्या.

मी 'नाही' का म्हणाले नाही? म्हणाले असते तर कारण विचारलं असतं. आणि कारण तिकडं आमच्या खोलीत, भोंग्याच्या आवाजात इस्त्री करत बसलं होतं.

शोभा. मी आणि ती आठ वर्षं एका खोलीत राहत होतो. शाळेचे गणवेश शिवायचो, ब्लाउज शिवायचो. ती शेतकऱ्याघरची, नवऱ्याचं घर सोडून आलेली. गाव म्हणायचं, "दोघी बहिनीवानी राहत्यात." आम्ही ते कधी खोडलं नाही. बहिणी नव्हतो आम्ही. माझं तिच्यावर प्रेम होतं, तिचं माझ्यावर. एवढं साधं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, बघा.

घरी आले. शोभानं इस्त्री उभी केली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज लई छान वाचलंस."

"माझा नाइलाज हुता गं."

"व्हय. म्हनून तर एकदाबी थांबली न्हाईस."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. पाचव्या दिवशी भिंगारला मावशीकडं निघून गेली. मशीन ठेवलं. कात्री तेवढी नेली.

मग मला बसवेना. कापड घेतलं की माप चुकायचं. उठायचं, दारात जायचं, परत आत यायचं. भोंगा नुसता खरखरला तरी दार लावून घ्यायचं.

तशातच गॅसच्या कामाला रहिवासी दाखला लागला, म्हणून ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, शिक्का शोधत होते. टेबलावर प्रोसिडिंग उघडं पडलेलं. सभेत काय ठरलं ते लिहायची वही ती. उघडं पान दिसलं की मी वाचतेच. ठराव तोच होता. खाली लिहिलेलं, सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक म्हणून शोभाचं.

मी नुसतं वाचलं होतं. ठराव मांडला कधी? आणि शोभा तर त्या सभेला आलीच नव्हती.

"भाऊसाहेब, हे काय?"

"अगं, तू वाचला, मग सूचक तूच की. अनुमोदकाला कुनाचं तरी नाव लागतं. तुमी दोघी जोडीनं राहता, म्हनून तिचं टाकलं. फॉर्मॅलिटी असती ती."

आमच्याकडं चालतंच असं. हजेरीवर सही आधी, सभा नंतर, आणि नावं सभा उठल्यावर कुणाचीही. आठ वर्षांत एकाही सरकारी कागदावर आमची नावं एकाखाली एक आली नव्हती. रेशनकार्डावर नाही, घरभाड्याच्या करारावर नाही. आली ती इथं. आम्हाला थारा देऊ नये म्हणणाऱ्या कागदावर.

मला माझा आजा आठवला. त्याला अक्षरओळख नव्हती. कचेरीत त्याचा अंगठा धरून शाईला लावायचे आणि कागदावर टेकवायचे. आत काय लिहिलंय ते कुणी सांगायचं नाही. म्हणून धम्म घेतल्यावर त्यानं बापाला शाळेत घातलं आणि बापानं मला. आज्याला निदान वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी माझ्याविरुद्ध मोठ्यानं वाचलं. थू माझ्या शिकण्यावर, असं झालं त्या दिवशी.

पुढची ग्रामसभा आली. विषय क्रमांक एक नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कुणी ऐकत नाही. तंबाखू मळता मळता "कायम, कायम" म्हणतात आणि पुढं सरकतात. आण्णांनी माईक माझ्याकडं केला. मी ठराव वाचला. सूचक वाचला, अनुमोदक वाचला.

मग मी म्हणाले, "हे कायम करू नका. शोभा त्या दिवशी सभेला नव्हती. हजेरी काढा, तिची सही दाखवा. आन मी हा ठराव मांडलेला न्हाई. माझं नाव काढा."

भोंगा चालूच होता.

भाऊसाहेब वही ओढायला लागले. मी सोडली नाही. आण्णा म्हणाले, "तवा तर मोठ्या तोंडानं वाचलास. आता काय झालं? कारन सांग."

ह्याच प्रश्नाला भिऊन मी तो कागद वाचला होता. मी माईक आणखी जवळ ओढला.

"कारन तो ठराव माझ्यावर हाय. मी बाईवर प्रेम करनारी बाई हाय. लिहा, भाऊसाहेब."

शोभाचं कारण मी सांगितलं नाही. तिच्या वतीनं दुसऱ्यानं बोलू नये, ह्यावरच तर भांडत होते.

कुणीतरी ओरडलं, "आरं, माईक बंद करा!" आमच्याच वस्तीतली काकू पुढं आली. लहानपणी तिनं मला कडेवर खेळवलेलं. म्हणाली, "वस्तीचं नाव घालवलंस गं." ते सगळ्यात जास्त लागलं. पण मी खाली बसले नाही.

पुढं कोर्टानंही लग्नाला मान्यता दिली नाही. आण्णांनी मला रस्त्यात थांबवून मोबाईलवर बातमी दाखवली. शाळेनं गणवेशाचं काम काढून घेतलं. शोभा आलेली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "मावशीनं सांगितलं, तू काय बोललीस ते." 

पण त्या दिवशी भाऊसाहेबांना माझी हरकत लिहावी लागली. एकेक शब्द मी उभी राहून सांगितला. लिहून झाल्यावर आधी वाचली, मग खाली सही केली.

आता सभा लागेल तेव्हा विषय क्रमांक एक तोच असणार. माझ्या हरकतीचं पान वाचल्याशिवाय त्यांना पुढं सरकता येणार नाही. दुसऱ्या कुणाकडं वही दिली तर मी समोर उभी राहून म्हणेन, एक अक्षर गाळायचं नाही. आणि माझ्याकडं दिली तर मीच वाचणार. त्याच आवाजात, भोंगा लावून.