साडू आणि शिडाची जहाजं

साऱ्या इंग्लंडात माझ्या साडूंइतका छळवादी सज्जन दुसरा सापडायचा नाही. साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ. पण पेशंट टेबलावर आला की इंजेक्शनआधी जहाजांची गोष्ट सुरू. निम्मं काम तिथंच होत असावं. दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क-बॉस्टनहून कॅलिफोर्नियाला वेगवान शिडाची जहाजं जात. त्यांना माल मिळावा म्हणून दलाल पेढ्यापेढ्यांवर रंगीत कार्डं वाटत: अमुक जहाज, तमुक कप्तान, फलाणा धक्का, माल लवकर चढवा. सोनं शोधायला गेलेल्यांचे बूट, कुदळी, पीठ, सगळं त्यातूनच जाई. जहाज सुटलं की कार्ड कचऱ्यात. जगानं टाकलेला हा कचरा साडू जमवत.

पाच-सहा कार्डं घरात आली आणि ताईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, हाल सुरू झाले. वाफेनं रंग जातो म्हणून स्वयंपाकघरात फोडणी बंद. भर जानेवारीत बिचारी कोट घालून गॅरेजमध्ये मोहरी तडतडवायची. पाहुण्यानं आधी साबणानं हात धुवायचे, मग पांढरे हातमोजे चढवायचे आणि तासभर उभ्यानं ऐकायचं. "बसायला दिलं की लोक झोपतात," असं साडू अनुभवानं सांगत.

२००५च्या ऑक्टोबरात एका पहाटे ते स्लाऊला माझ्या दारात उभे. "चल, ग्लासगोला जाऊन येऊ. सहज."

सहज म्हणजे आठ तास गाडी. ते बारा वर्षं ज्या जहाजाचं कार्ड शोधत होते, ते तिथल्या एका म्हाताऱ्या बाई विकणार होत्या. बाई लहान फ्लॅटमध्ये राहायला निघाल्या होत्या. आवराआवरीत बिस्किटांच्या जुन्या डब्यात हे सापडलं. साडूंनी खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले आणि कार्ड हातात घेतलं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या दाढीवाल्याच्या फोटोवर गेली. खाली नाव होतं.

"हे कोण?"

"माझ्या आईचे आजोबा," बाई म्हणाल्या. "दर्यावर होते म्हणे. जास्त काही ठाऊक नाही."

कार्डावर कप्तानाचं नाव तेच होतं. मी टेबलाखालून साडूंचा पाय दाबला.

"पाय का दाबतोस?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं, आणि बाईंकडे वळून सगळं सांगून टाकलं. जहाज कुठं बांधलं, काय माल न्यायचं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वादळ कसं असतं. दोन तास. बाई डोळे पुसत ऐकत होत्या. शेवटी बाईंनी कार्ड विकायचं सोडून फोटोला टेकवून ठेवलं आणि आम्हाला शॉर्टब्रेडची बिस्किटं दिली.

परतताना मी भडकलो. "जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अरे, पणजोबा तिचा," ते म्हणाले, "माझा नव्हे."

पुढं दर नाताळाला बाईंचं त्यांना एक शुभेच्छापत्र यायचं. तीनेक वर्षांनी, जानेवारीत, साडूंचा मला फोन आला.

"यंदा ग्लासगोहून काही आलं नाही रे."

मी "हं" म्हणालो. मग त्यांनी त्या जहाजाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली; मी उभ्यानंच ऐकली.